चांगुणा आत्याचं बेट

“पान्याचं पिंप टाकू की जीपमधी,” गहिनीनाथमामा म्हणाले आणि आमच्या दादांनी मान डोलावली. निघाले होते समुद्राला, आणि पाणी भिंगारहून नेणार, तेही अशा दुष्काळात. मी ओट्यावर बसून ऐकत होते. दोघांनाही हसू आलं नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, लष्करी छावणीच्या कचेरीत कारकून. शेजारचे गहिनीनाथमामा लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळा हिंदुस्थान पाहिलाय म्हणायचे. मामी म्हणायच्या, गॅरेजाबाहेर पडलेच कधी? समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यावर बोलायला त्यांना काही अडचण नव्हती. भरतीला होडी आपोआप किनाऱ्याला लागते, असं मामांनी ठरवून टाकलं होतं.

खरं तर बेट चांगुणा आत्याचं. आत्या दादांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्याकडेच असते, आणि मेजरसाहेबांच्या बंगल्यावर पोरं सांभाळते. ती मंडळी अलिबागकडच्या एका बेटावर जाऊन आली होती. बाईसाहेबांनी सांगितलेलं आत्यानं भाकरी थापता थापता आम्हाला सांगितलं. “चारी बाजूनं पानी आन् मधी आपुन. काय करायचं न्हाई. नुसतं बसायचं.”

आत्याला नुसतं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बेट दादांचं झालं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक. पुढच्या सीटवर कोण, होडीत स्टोव्ह चालतो का, खाऱ्या वाऱ्यानं मनगटी घड्याळ बिघडतं का. मग जाणाऱ्यांत मामींचा भाऊ वाढला, त्याची बायको वाढली, मामांच्या सासूबाई वाढल्या. आत्या चहा आणून द्यायची. तिनं बाजारातून निळ्या रबरी चपला आणल्या होत्या, वाळूत घालायला म्हणून. त्या फळीवर असायच्या. कुणी नसलं की घरातल्या घरात घालून चालून बघायची.

निघायच्या आदल्या दिवशी दादांना टँकर आठवला. आमच्या आळीत रिकामे हंडे ओळीनं मांडून ठेवतात, पण टँकर आला की हंड्यापाशी घरचं माणूस उभं लागतं. नसलं, तर त्या घराचा नंबर जातो आणि पुढं कायमचं शेपटाला उभं राहावं लागतं. मामांच्या घरी सून राहणार होती, प्रश्न आमच्या हंड्यांचा होता. दादांनी माणसाच्या जागी दगडावर नाव रंगवून ठेवू का, असं विचारून पाहिलं. कार्यालयातली अक्कल. मग आत्याकडे न बघता म्हणाले, “घरी कुनीतरी लागंल.”

कुनीतरी म्हणजे कोण, हे ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं.

“व्हय, लागंल की,” आत्या म्हणाली आणि कपबश्या गोळा करू लागली.

मागच्या वर्षीची मी असते तर गप्प बसले असते. पण यंदा शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून मला माझा आवाज आवडायला लागला होता. मी सरळ उभी राहिले. “आत्या न्हाई, तर मीबी न्हाई.”

आता यांना लाज वाटेल, म्हणून मी थांबले. दादा मामांकडे वळले. “बरं झालं. तुमच्या सासूबाईंना पाय पसरून बसता यील.”

सकाळी जीप गेली, पाण्याच्या पिंपासकट.

दुपारी टँकर आला. आमचे हंडे भरून झाले, रांग संपली, आणि तोटी बंदच होईना. ड्रायव्हर तिला ठोकत बसला. पाणी आळीभर पसरलं. बायका वाट्या, पातेली, जे हाताला लागेल ते घेऊन धावल्या. आत्या घरात गेली. मला वाटलं, घागर आणायला. ती निळ्या चपला घालून आली आणि आमच्या दारातल्या कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसली. पाणी दगडाला वळसा घालून पुढं चाललं होतं.

“अगं चांगुणा, भर की,” समोरच्या रंगुबाई ओरडल्या. “समदं वाया चाललंय.”

आत्यानं लुगडं घोट्याच्या वर घेतलं. मी आले तशी जरा सरकली.

तोटी केव्हा बंद झाली, कळलं नाही. पाणी मातीत मुरलं, चपलांभोवती चिखल राहिला, तरी ती उठली नाही.