प्लास्टर निवेपर्यंत

धाकटीच्या त्या पत्राचं उत्तर ग्रंथोबांनी कधी दिलंच नाही. विसरले म्हणून नव्हे. विसरता आलं असतं तर सुटले असते बिचारे. पत्र आलं तेव्हा डोक्यावर काळे केस होते; आता केसही गेले आणि काळेपणाही, पण पत्रातलं अक्षर न अक्षर पाठ होतं.

"दादा," बहिणीने लिहिलं होतं, "तू एवढी पुस्तकं वाचतोस, मला एकच सांग. बस उलटली तेव्हा प्रभू कुठे होता? पाळकसाहेब म्हणतात, विश्वास ठेव. अरे, ठेवलाच होता, म्हणून तर विचारतेय. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही. चर्चमध्ये जाईन, बसेन, परत येईन. पण बोलणार नाही."

त्या बसमध्ये तिचा नवरा गेला होता आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला होता. त्याआधी चर्चमध्ये गाताना सगळ्यांत मोठा आवाज धाकटीचा असायचा. सूर थोडा वर जायचा, पण अडवायची कुणाची छाती नव्हती. बसनंतर ती मागच्या बाकावर बसू लागली, तोंड मिटून. आणि एकदा ठरवलं की ठरवलं, हा त्या घराण्याचा गुणच होता. तो एकट्या ग्रंथोबांच्या वाट्याला आला नव्हता.

ग्रंथोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इस्पितळाच्या मागे कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा होती, तिथे हे नाव पडलं. सगळे कारागीर जेवणाच्या सुट्टीत गप्पा छाटायचे आणि हे कोपऱ्यात पुस्तकात डोकं खुपसून. "ग्रंथोबा, पुस्तकात पाय कसा बसवायचा लिहिलंय का?" असं कुणी विचारलं की कानापर्यंत लाल व्हायचे.

काय जागा होती ती! दारातून आत गेलं की ओल्या प्लास्टरचा, कातड्याचा आणि सरसाचा मिळून एक वास यायचा. भिंतीवर खुंट्यांना पाय टांगलेले, लहान, मोठे, एखादा बाळाचा. प्लास्टरची पूड सगळीकडे, चहाच्या कपातही. संध्याकाळी घरी जाताना सगळेच म्हातारे दिसायचे, भुवया पांढऱ्या झालेल्या. आता खरोखरच भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि ग्रंथोबांना आरशासमोर कधीकधी वाटायचं, झटकल्या तर पूड पडेल.

कार्यशाळेचे प्रमुख म्हणजे उस्ताद. शब्दाला महाग, शिवीला स्वस्त. ते ना कुठल्या प्रार्थनेला जायचे, ना कुणाला उपदेश करायचे. कुणी देवाचं नाव काढलं की म्हणायचे, "तो त्याचं काम करतोय, तू तुझं कर." जन्मभर प्लास्टर कालवून त्यांच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या, थंडीत त्या उघडायच्या.

तर पत्राचं उत्तर. ग्रंथोबांनी लिहिलं नाही असं नव्हे. लिहून लिहून फाडलं. पहिल्यांदा लिहिलं ते इतकं विद्वत्तापूर्ण झालं की स्वतःलाच कळेना. दुसऱ्यांदा दुःखाचे प्रकार पाडले. मग वाटलं, ज्या बाईचा नवरा गेला तिला प्रकार काय सांगतोस? मग सगळं काढून टाकलं तर खाली उरलं नुसतं 'तुझा दादा'. तेवढंच पाठवावं असंही एकदा मनात आलं. पण मग पोस्टाचं तिकीट संपलं होतं, मग सुट्टी आली, मग लाज आली. लाज एकदा घरात शिरली की पाहुणी राहत नाही, मालकीण होते.

धाकटी मात्र भांडली नाही. दर रविवारी फोन करायची आणि चेष्टा करायची. "काय दादा, उत्तर पायीच निघालेलं दिसतंय! आणि तेही तूच बनवलेल्या पायाने!"

"येईल गं, येईल," ग्रंथोबा पुटपुटायचे.

यावेळी मात्र रविवारची वाट न बघता फोन आला. "दादा, हृदयाचं ऑपरेशन करायचं म्हणतात. पुढच्या आठवड्यात. छाती उघडून बघणार आहेत. बघू दे बापडे, काय सापडतंय."

ग्रंथोबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? परत टेबलावर जाणार मी. भीती वाटतेय रे. तोंडापर्यंत येतं त्याचं नाव, आणि गिळते. शब्द दिलाय ना स्वतःला. तेव्हा आता तरी सांग, बोलू की नको?"

"अगं, बोल की. बोललंच पाहिजे. म्हणजे कसं आहे, की एका अर्थी..."

"हे बघ, फोनवर तू गुळमुळीत बोलतोस. लिही. मी लिहून विचारलं होतं, मला लिहूनच पाहिजे. आणि पुस्तकातलं नको हं. पुस्तकं इथेही आहेत."

इतकं बजावूनही ग्रंथोबांनी फोन ठेवला आणि केलं काय? स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरचा जाडजूड ग्रंथ काढायला चढले. सवय! माणसाला भूक लागली की स्वयंपाकघराकडे पाय वळतात, तसे यांचे कपाटाकडे. ग्रंथ हातात आला, स्टूल पायाखालून गेलं, आणि ज्यांना आयुष्यभर जवळ केलं त्या पुस्तकांनीच त्यांना खाली आणलं. उजवं मनगट मोडलं.

शेजारच्या शिंपीणबाईने त्यांना इस्पितळात नेलं. वाटभर ती म्हणत होती, "या वयात चढायचं काय सुचलं तुम्हाला? हाक मारायची ना!" ग्रंथोबांचं लक्ष नव्हतं. लिहायचा हातच गेला होता.

प्लास्टरच्या खोलीत एक धिप्पाड बाई होत्या. त्यांनी हाड सरळ केलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि मनगट दोन्ही तळव्यांत धरून त्या स्वस्थ उभ्या राहिल्या. ग्रंथोबांना पुढचं सगळं ठाऊक होतं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. तापेल, मग निवेल, तोवर हात हलता कामा नये. हजारो लोकांना त्यांनी हेच सांगितलं होतं. पण ते बाहेरून. आतून कधी बघितलं नव्हतं.

ऊब आली. उबेचा चटका झाला. मोडलेल्या हाडाभोवती जणू कुणी निखारा आवळला. आतून हात-बित काही कळत नव्हते. कुणी धरलंय हेही नाही. फक्त भाजणं आणि आवळणं.

"सोडा," ते एकदम म्हणाले. "भाजतंय, सोडा."

"मी आहे ना बाबा इथे," बाई म्हणाल्या. "आता सोडून कसं चालेल?"

आणि ग्रंथोबांच्या अंगावर काटा आला. कारण 'भाजतंय, सोड' हे शब्द त्यांचे नव्हतेच. ते धाकटीचे होते.

बसनंतर तिच्या कृत्रिम पायासाठी साचा त्यांनीच घेतला होता. "माझी बहीण आहे, मीच करणार," असं उस्तादांना बजावून. धाकटी टेबलावर बसली, तोंड भिंतीकडे करून. जखम भरली होती, पण ती स्वतः भरली नव्हती. तासन्‌तास बोलत नसे. त्यांनी तुटलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर पट्ट्या गुंडाळल्या, गुडघ्याखाली अंगठे दाबून धरले. प्लास्टर तापायला लागलं तशी ती ओरडली, "भाजतंय दादा, सोड! सोड ना रे!" लहानपणी रुतलेला काटा काढताना ओरडायची तशीच. ग्रंथोबांची पकड ढिली पडायला लागली. आता सुटणार, साचा बिघडणार, असं झालं.

तेवढ्यात मागून दोन हात आले आणि त्यांच्या हातांसकट प्लास्टरवर घट्ट बसले. उस्ताद.

"सोडलंस तर जन्मभर लंगडेल ती. धर, गाढवा." मग धाकटीला, वेगळ्याच आवाजात, "बाई, तापतंय म्हणजे धरतंय. आता निवेल. आम्ही आहोत."

प्लास्टर निवेपर्यंत उस्ताद तसेच उभे होते, ग्रंथोबांच्या पाठीला छाती टेकवून. मग हात पुसत निघून गेले. साचा उतरवला तेव्हा त्याच्या पांढऱ्या अंगावर लालसर डाग होते. भेगा उघडल्या होत्या उस्तादांच्या. ग्रंथोबांनी ते डाग ओल्या फडक्याने पुसून टाकले, धाकटीला दिसू नयेत म्हणून.

आणि इतकी वर्षं या प्रसंगातून त्यांनी काय लक्षात ठेवलं होतं? अपमान! सख्ख्या बहिणीचं काम, आणि त्यातही माझ्या हातावर भरवसा नाही! उस्ताद वारले तेव्हासुद्धा तो काटा मनात सलत होता.

आता प्लास्टरच्या खोलीत बसल्या बसल्या त्यांना कळलं की उघड्या भेगांना तापतं प्लास्टर किती झोंबलं असेल. धाकटीला भाजत होतं, ग्रंथोबांना भाजत होतं, आणि मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याला सगळ्यांत जास्त. पण तो काढता पाय घेणारा नव्हता. धाकटी भिंतीकडे बघत होती आणि ग्रंथोबा स्वतःच्या मानाकडे. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

शिष्यांनी मरणातून उठलेल्या प्रभूला ओळखलं ते हातांवरच्या जखमांवरून, या विषयावर ग्रंथोबांनी तरुणपणी चर्चच्या मंडळीत चांगला लांबलचक निबंध वाचला होता. टाळ्याही पडल्या होत्या. आणि नंतर तेच हात आपल्या हातांवर येऊन बसले, तर यांना ओळख पटली नाही. रक्तसुद्धा पुसून टाकलं.

बाईंनी हात काढले. "निवलं बघा. अहो, रडताय काय? दुखतंय अजून?"

"नाही," ग्रंथोबा म्हणाले. "बरं वाटतंय."

"मग रडा," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

घरी येऊन त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं. डाव्या हाताला कुठली विद्वत्ता! एकेक अक्षर डोंगरासारखं. 'तात्पर्य' लिहायला घेतलं आणि लागोपाठची दोन जोडाक्षरं पाहून सोडून दिलं. जे लिहून झालं ते असं:

"धाकटे, हात मोडलाय म्हणून थोडक्यात. बस का उलटली मला माहीत नाही. त्याने उलटवली असं मी मानत नाही. तुझ्या पायाचा साचा घेताना तू सोड म्हणालीस. माझे हात सुटतच होते. मागून उस्तादांनी धरले. त्यांचे हात फाटले होते. साच्यावर रक्त होतं, ते मी पुसलं, तुला सांगितलं नाही. आज वाटतं, प्रभू तिथे होता. आपल्यासारखाच भाजत होता. मला तेव्हा कळलं नाही. बसमध्येही तो असाच असेल, पण ते मी पाहिलेलं नाही, म्हणून शपथेवर सांगत नाही. चुकतही असेन. त्याच्याशी बोल. रागावून बोललीस तरी चालेल. दादा."

वाचून बघितलं आणि नेहमीची शंका उभी राहिली. एवढंच? इतक्या वर्षांनी एवढंच? फाडायला दोन हात लागतात, आणि एक तर गळ्यात अडकवलेला. त्यांनी पाकीट जिभेने चिकटवलं आणि टोपी घालून पोस्टात गेले.

खिडकीतल्या कारकुनाने पत्ता निरखला. "काका, नातवाने लिहिलाय वाटतं?"

"मीच लिहिलाय. उद्या मिळेल ना?"

"उद्या नाही, परवा नक्की."

परवा म्हणजे ऑपरेशनच्या आधी. ग्रंथोबांनी मान डोलावली, आणि तेवढ्यात त्यांना ते 'शपथेवर' खटकलं. फार कोरडं झालं का? "जरा परत देता का? एक वाक्य..."

कारकुनाने धाडकन शिक्का मारला होता. "आता ते तुमचं नाही राहिलं, काका," तो म्हणाला, आणि त्याने पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.