खारीचं घमेलं आणि हरवलेला मागी

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. सुप्याला कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या, तेव्हा मी बायांच्या डोक्यावर बसून वर वर चढायचो. पोटात सिमेंटचा माल आणि वर नुसतं आभाळ. एखादा ढग माझ्यात डोकावून पुढे जायचा. पुढे माझी कड वाकली, बुडाला पोचे पडले आणि प्रभुदासनं मला भंगारातून उचलून घरी आणलं. कशाला? तर त्याच्या आईच्या, स्टेलाआजींच्या मांजरीला शी-शू करायला!

मांजरीचं नाव खारी. रंगही भाजलेल्या खारी बिस्किटासारखाच. जिन्याखालच्या कोपऱ्यात ती माझ्यातल्या वाळूत यायची, गोल फिरायची, खड्डा करायची आणि डोळे अर्धे मिटून बसायची. तेव्हा अशी काही शांतता पसरायची, की मला परत ढगात गेल्यासारखं वाटायचं. नंतर ती वाळू अशी सपाट करायची, की मुकादमानं बघत राहावं.

मग नाताळ जवळ आला आणि घराची साफसफाई निघाली. प्रभुदासच्या बायकोनं, लिडियानं, मला मोरीत नव्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवलं आणि रोज फिनेलनं घासायला लागली. माणसांना त्या वासात स्वच्छ वाटतं. खारी आली, शिंकली, तरी बिचारी बसली. तेवढ्यात मशीन असं थडथडलं, की ती उडाली आणि मीही उडालो. त्यानंतर ती पायपुसण्यावर बसली. मग प्रभुदासच्या कंपनीच्या बुटात.

प्रभुदासनं तिचं नाक बुटाला लावलं, वर ओरडला. त्यानं एवढंच झालं, की ती आता लपूनछपून जागा शोधायला लागली.

"आई, लई झालं आता. अजून एकदा केलं ना, तर पोत्यात घालून पारनेरच्या बाजारात सोडून येईन."

"मग मलापण त्याच पोत्यात घाल."

"तू मावणार न्हाईस, आई."

आजी हसल्या नाहीत. पोतं खरंच दारामागच्या खिळ्यावर लटकलं होतं. खारीला घेऊन आजी जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीचा काही आजार नाही. मला कारण माहीत होतं. पण घमेल्याला कोण विचारतं?

नाताळची गाणी म्हणणारे कॅरलवाले आले, त्या संध्याकाळी बैठकीच्या कोपऱ्यात प्रभुदासची गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तयार होती. ताजी वाळू, पेंढा, मेंढपाळ, उंट आणि पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी, म्हणजे मागी. बाळ येशू नाताळच्या दिवशी ठेवायचा होता. गाणी झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना भलती लांब असते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, घर एकदम शांत. मोरीच्या उघड्या दारातून फक्त मी बघत होतो.

खारी कपाटामागून आली. तिनं वाळू हुंगली, उंटाला अदबीनं बाजूला सारलं आणि खड्डा केला.

आमेन जरा लवकरच आलं. वासानं आणलं.

"प्रभुदास," पाळकसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मागी दोनच कसे?"

तिसरा व्यवस्थित बुजवला होता. प्रभुदास तडक उठला आणि पोत्याकडे गेला. आजींनी खारीला पदरात घेतलं.

"अहो, थांबा!" लिडिया म्हणाली. "बघा की जरा. इथं वाळू हाय, कोपरा हाय. फिनेल न्हाई, मशीन न्हाई. तिची जागा मीच मोडली."

"धर्मशाळेत जागा मिळाली न्हाई, की लेकरू गव्हाणीतच येतं," आजी हळूच म्हणाल्या. "दरसाल चर्चच्या मंडळीत येशूजन्माचं तेच नाटक करतोस ना रे तू?"

प्रभुदास मोकळ्या गव्हाणीकडे बघत राहिला. मग मोरीत आला, मला उचललं आणि जिन्याखाली नेऊन ठेवलं.

आता मला साध्या साबणाच्या पाण्यानं धुतात आणि उन्हात वाळवतात. घाण सकाळ-संध्याकाळ काढतात. बूट आणि पायपुसणं व्हिनेगरच्या पाण्यानं धुतलं, वर खायचा सोडा टाकला. वास गेला, तशी खारी परत तिकडे फिरकली नाही. तिसरा मागी आंघोळ करून जागेवर आला. थोडा नाराज दिसतो.

पोतं मात्र बाजाराच्या दिवशी पारनेरला गेलंच. आजी दिवसभर खारीला मांडीवर धरून दारात बसून होत्या. संध्याकाळी प्रभुदास आला आणि पोतं माझ्यात उपडं केलं. आत होती तिथल्या भाच्याच्या बांधकामावरची मऊ, चाळलेली वाळू!

"पुरेल का गं हिला?" त्यानं आईला विचारलं.

मित्रांनो, कुणी भलतीकडे घाण केली, तर पोतं शोधण्याआधी त्याचं घमेलं कुठं ठेवलंय ते बघा. आणि आता जरा हळू बोला. खारी आलीय, गोल फिरतेय. माझ्या पोटात पुन्हा बांधकामाची वाळू आहे, आणि मी वर वर चाललोय.