वाळ्याच्या पडद्यांची पोस्ट

मुंबईच्या मानसाले अकोल्याचा उन्हाळा समजावून सांगनं म्हन्जे गाढवापुढं वाचली गीता. मी कारकून मानूस, मी असं बोलू नये. पन बोलतो. किसनराव म्हनतेत मले, तोंडाचा फाटका म्हनून साऱ्या कचेरीले ठाऊक हाये.

आमच्या कचेरीवर टिनाचं छप्पर. होळी झाली की खिडक्यायले वाळ्याचे पडदे लागत, अन् मनकर्णाबाई दिवसभर त्यायच्यावर पानी मारे. एक बादली, एक टमरेल अन् ती. पडदे वले असले की आत गार. सुकले की भट्टी. मृग लागला की पडदे माळ्यावर अन् मनकर्णा घरी, कारन पोस्ट तात्पुरती. दर साली मुंबईवरून मंजुरी आली तं खरी.

मनकर्णा आमच्याच गावची, दर्यापूरकडची. तिथं आमच्या विहिरीवर तिच्या मानसायले चढू देत नव्हते. इथं अख्खी कचेरी तिच्या हातच्या पान्यावर बसत होती. ती हे कधी बोलली नाई. मी बोलतो, कारन विहीर माह्या बापाची होती.

दिवाळीपासून होळीवरी ती जिनिंगमंदी कापूस उचले. तिथला फुफाटा तिच्या छातीत बसला होता. डॉक्टर म्हने, जिनिंग सोडा. ती म्हने, मंग खाऊ काय? पोस्ट कायम झाली तं बाराई महिने कचेरीत झाडलोट अन् पानी करीन, जिनिंगचं तोंड पाहनार नाई, एवढंच तिचं मागनं होतं.

तं चीनची लढाई झाली अन् सरकारनं काटकसर काढली. पुढल्या अंदाजपत्रकात कोनती पोस्ट ठेवाची अन् कोनती कापाची, हे मुंबई ठरवनार. आमचा हेडक्लार्क शेषराव अकोटचा, बैलबाजारात वाढलेला. तो म्हने, "एक कायम बाई पायजे असन तं दोन मागा. मुंबईवाले अर्धं कापतेत, एक उरते."

बैलबाजारात हे बरोबर हाये. मुंबईले वाटलं, एका बादलीले दोन बाया काहून? ते पाहाले त्यायनं एक साहेबच पाठवून देला. अन् पाठवला बी कवा, तं भर मे महिन्यात.

मी मनकर्णाले बाजूले घेतलं. म्हनलं, "बाई, उद्या पडद्यायवर थेंब टाकू नका. साहेबाले भाजू द्या. भाजला की तो आपल्या हातानं कायम लिहून देते."

"हाव," ती म्हने. "मले काय पडलं त्याचं?"

साहेब आले. गोरे, टाय लावलेले, बोलाले गोड. अकरा वाजेपावतर त्यायनं टाय सैल केला, बारा वाजता काढला. मले मनातून लय बरं वाटून राहिलं होतं. एकाच्या सुमारास साहेबाच्या नाकातून रक्त आलं. उन्हानं घोळना फुटला. आमच्याकडे लहान पोट्ट्यायचा फुटते, पन मुंबईच्या मानसानं रक्त पाह्यलं अन् खुर्चीतच मान टाकली.

मी उठेवरी मनकर्णा आत आली होती. तिनं कांदा फोडून साहेबाच्या नाकाले लावला, डोक्यावर वला फडका ठेवला, अन् बादली उचलून साऱ्या खिडक्यायचे पडदे वले करून टाकले. एवढं पानी तिनं उभ्या उन्हाळ्यात एका झटक्यात मारलं नसन.

मी म्हनलं, "बाई, काय करून राहिल्या तुमी? तुमची पोस्ट..."

"पाव्हना हाये, किसनराव," ती म्हने. "दारी आलेल्या मानसाले भाजू देऊ का?"

वाळ्याचा वास सुटला. साहेब दोन घंटे झोपले. उठले तं ताजे. कचेरीभर फिरले, हात लावून भिंती पाह्यल्या, खुश झाले.

मुंबईवरून निकाल आला तो असा: ऐन उन्हाळ्यात समक्ष पाहणी केली असता कार्यालय अत्यंत थंड आढळले. पाणी मारणाऱ्या बाईची गरज दिसत नाही. पोस्ट रद्द.

शेषरावानं तो कागद वाचला अन् चष्मा पुसत बसला. मनकर्णाले सांगाचं काम माह्यावर आलं. तिनं आयकून घेतलं अन् म्हने, "मंग पडदे जपून ठेवा, उंदीर खातेत."  दिवाळीले ती परत जिनिंगवर गेली.

दुसऱ्या साली मे महिन्यात तेच साहेब परत आले. काटकसरीनं किती बचत झाली ते पाहाले. पडदे खिडक्यायले होते, कोरडे ठनठनीत. साहेबानं रुमाल काढला, मान पुसली, इकडंतिकडं पाह्यलं.

"त्या बाई दिसत नाहीत? पाणी मारणाऱ्या?"

"त्यायचीच बचत झाली, साहेब," मी म्हनलं.

साहेबानं रुमाल खिशात कोंबला. मंग हळूच म्हने, "आजच्या दिवसापुरतं बोलावता येईल का त्यांना?"

मी गेलो. जिनिंग बंद झाली होती, खोकला बंद झाला नव्हता. वाटलं होतं, येनार नाई. आली. रांजनातून गिलासभर पानी घेतलं अन् साहेबापुढं धरलं. साहेबानं एका दमात पेलं.

"बाई, पडद्यांवर पण तेवढं मारा ना."

"मागल्या साली मारलं होतं, साहेब," मनकर्णा म्हने. "त्याचाच तं निकाल लागला. पियाचं पानी माह्या मनानं देल्लं, त्याले पोस्ट लागत नाई. पडद्यायले लागते." बोलता बोलता तिले ढास लागली. ढास थांबेवरी ती भिंतीले हात लावून उभी राहिली.

साहेबानं आपला जुना निकाल मागतला. वाचला. मंग कोरा कागद ओढला अन् आपल्या हातानं लिहाले बसला. घाम कागदावर पडून राहिला होता, तो बाहीनं पुसे अन् लिही. मधातच मान वर करून त्यानं शेषरावाले इचारलं, "किती बाया लिहू?"

शेषरावाची जन्माची सवय. "दोन," तो म्हने.

"एक," मनकर्णा दारातून म्हने. "अन् कायम."

साहेबानं तसंच लिहिलं अन् सही केली. मनकर्णानं मले ते मोठ्यानं वाचाले लावलं, दोनदा. मंग तिनं पदर खोचला अन् बादली उचलली.