परदेशी छापाची कात्री

आमचे सासरे आयुष्यात एकच खोटं बोलले, पण ते पोलादावर ठोकून.

शिंप्यांच्या कात्र्या बनवायचा आमचा कारखाना. कारखाना म्हणायचं ते आपलं मोठेपणासाठी. पत्र्याच्या छपराखाली एक भट्टी, धार काढायची तीन चाकं आणि सात माणसं. कात्री अस्सल. पण पंचवीस वर्षांपूर्वी दुकानदार ती हातात घेऊन विचारायचे, "इथलीच का?" आणि नाक मुरडून परत ठेवायचे. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! मग सासऱ्यांनी पोलादासाठी नावाजलेल्या एका दूरच्या शहराचं नाव कोरून ठसा करवून घेतला आणि तो प्रत्येक कात्रीवर उमटवायला सुरुवात केली. कात्री तीच, दुकानदार तेच, पण आता लोक तिला डोक्यावर घेऊन नाचायला लागले.

माझी आई शिवणकाम करायची. पैपै साठवून तिने ही "इंपोर्टेड" कात्री घेतली होती आणि मला तिला हातही लावू देत नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा ती व्याह्यांचा कारखाना बघायला आली. जमिनीवर "इंपोर्टेड" कात्र्यांचा ढीग पाहून तिची वाचाच बसली. या विषयावर ती अजूनही सासऱ्यांशी बोलत नाही.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले, शिंप्यांची दुकानं कमी झाली, आणि आमच्या तीन चाकांपैकी दोन बंद पडली. त्यात कानसेनकाकांनी जायचं ठरवलं. काका पाती जुळवतात. दोन पात्यांना स्क्रू मारला की कात्री झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा काकांसमोर बसून बघावं. काका कात्री कानाशी नेऊन उघडतात, मिटतात, हलकीशी हातोडी मारतात, पुन्हा ऐकतात. आवाज कुठे अडखळला तर म्हणतात, "अजून भांडताहेत." गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण पोलादाच्या बाबतीत ते कानसेनच. त्यांच्या जावयाने शहरातल्या एका बिल्डिंगवर त्यांना वॉचमनची नोकरी बघून दिली होती. शनिवारी तो न्यायला येणार होता. काकांसारखं जुळवणारं दुसरं कुणी नाही. काका गेले की कारखान्याला कुलूप, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

अशात आपल्या देशाचा शेजारच्या देशाशी करार झाला. पेपरात पानंच्या पानं भरून आलं होतं, पण आमच्या कामाचं एकच वाक्य होतं: तिकडे आपल्या कात्र्यांवर बावीस टक्के जकात होती, ती शून्य झाली. चौथ्याच दिवशी तिकडच्या एका ठोक व्यापारीणबाईंचा फोन आला. आमच्याच गावातून तिकडे नांदायला गेलेल्या एका शिंपिणीने त्यांना आमची कात्री दाखवली होती आणि ती खरी कुठली तेही सांगितलं होतं.

"इथल्या बायका तीन-तीन जणींत एक कात्री वापरतात," बाई म्हणाल्या. "आता जकात गेली, तर प्रत्येकीला आपली घेता येईल. दोन हजार पाठवा. विकल्या की पुन्हा दोन हजार. फक्त माल तुमच्याच देशात बनल्याचा सरकारी दाखला जोडा, नाहीतर जकात आहेच."

मी टुणकन उडी मारली. सासरे मात्र पांढरेफटक पडले. "अगं, दाखला कसा देतील? आपल्या कात्रीवर तर..."

"आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, बाबा," मी म्हटलं. रागही आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. "तो छाप काढून टाका."

"आणि मग हात कोण लावेल कात्रीला? देशी म्हटलं की लोक पाठ फिरवतात. तू तेव्हा नव्हतीस."

शेवटी त्यांनी बिनछापाच्या पन्नास कात्र्या पुढे मांडल्या, बाकीच्यांवर गोणपाट टाकलं आणि सोमवारी तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याची वाट बघत बसले. आली ती तिशीतली एक मुलगी, हातात वही. तिने नमस्कार केला आणि सरळ जाऊन गोणपाट उचललं.

"हे काय?"

भट्टीवरचा माझा नवरा उगाचच विस्तव ढोसत राहिला. मग सासऱ्यांनी घसा खाकरून सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दुकानदारापासून. सांगताना त्यांची मान खाली होती. मला त्यांची फार दया आली.

अधिकारी शांतपणे म्हणाली, "आजोबा, तुमच्यावर विश्वास कसा ठेवू? पाती बाहेरून आणून इथे फक्त स्क्रू लावत असाल, तर दाखला मिळत नाही."

"फक्त स्क्रू?" काका स्टुलावरून उठलेच. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "ताई, बसा इथं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मग तिच्यासमोर सगळं झालं. नवऱ्याने कांब तापवून घणाखाली घातली, पात्यांना पाणी दिलं, चाकावर धार निघाली. पहिला तासभर ती उभीच होती, मग बसली, मग वही बाजूला ठेवून पुढे सरकली. काकांनी तयार असलेल्या दहा कात्र्या उघडून वीस पाती तिच्या पुढ्यात टाकली. "हवी तशी मिसळा," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिनेही दयामाया न दाखवता मिसळली. काका डोळे मिटून बसले. हे पातं त्या पात्याशी, कानाशी, नाही. दुसऱ्याशी, कानाशी, नाही. पाऊण तासात दहाच्या दहा जोड्या लागल्या. कुठली पाती एका जोडीची ते कळावं म्हणून स्क्रूखाली आम्ही कच्च्या रंगाचे ठिपके दिलेले असतात, ते तिने शेवटी ताडून पाहिले. एकही चूक नव्हती.

नव्या कात्रीने तिने ओल्या मलमलीचा तुकडा अगदी टोकापर्यंत कापला, आणि मग उगाचच आणखी दोन कापले.

"दाखला मिळेल," ती म्हणाली. "पण हा छाप घेऊन एकही कात्री सीमेपलीकडे जाणार नाही. तिकडे ही कात्री तुमची आहे म्हणूनच मागवताहेत ना? मग तुमचंच नाव घाला की!"

ती गेल्यावर सासरे बराच वेळ हातातली कात्री उलटीसुलटी करत राहिले. मग स्वतः चाकाशी गेले आणि त्यांनी छाप घासून टाकला. ठिणग्या उडाल्या तशा आम्ही सगळे ओरडलो. माझ्या नवऱ्याने शिट्टी मारली, ती वडिलांसमोर जन्मात पहिल्यांदा. सासरे रागवायच्या ऐवजी म्हणाले, "बघत काय बसलात? ती दोन चाकं पुसा."

गुरुवारी नवा ठसा आला. त्यावर आमच्या गावाचं नाव होतं, बाकी काही नाही. पडून असलेल्या मालावरचा जुना छाप घासून तिथे आम्ही तो रात्रभर ठोकला. शुक्रवारी माल न्यायचा ट्रक आला तो रिकामा नव्हता. बाईंनी इकडच्या दुकानांसाठी तिकडचा दोरा आणि बटणं पाठवली होती, तीही बिनजकातीची. माझ्या आईला दोऱ्याचं रीळ निम्म्या किमतीत मिळालं. तिने ते उजेडात धरून मला विचारलं, "हे तरी खरंच तिकडचं आहे ना गं?"

आणि शनिवारी काकांचा जावई आला. हातात इस्त्री केलेला निळा गणवेश, बाहेर रिक्षा थांबवलेली. दाखल्याची गडबड त्याला कुणी कळवलीच नव्हती. काका कात्री कानाशी धरून बसले होते. त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. जावई दारातच थांबला. आम्ही तिन्ही चाकं थांबवली, कारण आता त्यांच्या आवाजात काकांना ऐकू येत नाही. पातं एकदा कुरकुरलं. काकांनी हातोडी मारली, पुन्हा ऐकलं, आणि ती कात्री जावयाच्या हातात दिली.

"वाचा."

त्याने गावाचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. "या कात्र्या इथे बनतात? आमच्या शेजारचा टेलर तर हीच कात्री दाखवून फुशारकी मारतो, बाहेरची आहे म्हणून!"

"मी जुळवतो त्या. पंचवीस वर्षं." काकांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "माझ्या लेकीला द्या ही. म्हणावं, बाप येत नाही, त्याला काम आहे."

जावई गोंधळला. गणवेश या हातातून त्या हातात करत म्हणाला, "मामा, पण मी त्यांना शब्द दिलाय. आता कुणाला पाठवू?"

"बघा दुसरं कुणीतरी," काका पुढची पाती उचलत म्हणाले. "पण या पत्र्याखाली शोधू नका. इथं आता कुणीच रिकामं नाही."