चौथं मागणं

शून्य

आमच्यात कुणी नात्याचं नाव घेऊन एकच गोष्ट चौथ्यांदा मागितली, की नाही म्हणता येत नाही. पहिल्या तीन वेळा हसण्यावारी न्या, विषय बदला, मेंढ्या बघायला जायचं निमित्त काढा. चौथ्यांदा मात्र सुटका नाही. आई तरी असंच सांगते, आणि आमच्या आईशी वाद घालून अख्ख्या पठारावर अजून कुणी जिंकलेलं नाही.

मला शाळा सोडायची होती. मोठी बहीण मर्लिना फिनिक्सला एका मोटेलात खोल्या आवरते. तिथे माझंही काम पक्कं झालं होतं. मेंढ्यांची लोकर कातरून झाली की ती गाडी घेऊन येणार आणि मी जाणार. आईने हो म्हटलं नव्हतं, पण माझी पिशवी भरलेली तिला दिसत होती.

शाळेच्या क्लाहबाईंना हे कळलं. दांड्या मारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक टूम काढली होती, 'आपल्यातलेच आदर्श'. प्रत्येकाला गावातलं एक मोठं माणूस चिकटवायचं. माझ्या वर्गातल्या डेरिकला उधळत्या बैलावर बसायचे खेळ करणारा मिळाला. मला अँब्युलन्सवाला हर्शेल बिट्सिली. व्हरांड्यात त्याचं पोस्टरही होतं: गाडीवर हात आणि सगळे दात बाहेर.

एक

पहिल्या गुरुवारी तो वाचनालयात आला आणि रीतीप्रमाणे उभा राहून आधी नाव आणि कुळं सांगितली.

"मी हर्शेल बिट्सिली. आईकडून चिखलवाल्यांचा, वडिलांकडून कडूपाण्याचा."

मी मान वर न करता म्हटलं, "ताझबा एत्सिटी. आईकडून कडूपाण्याची."

पुढची कुळं सांगायच्या आधीच त्याने टोपी काढली.

"थांब. माझे वडील कडूपाण्याचे. तूही कडूपाण्याची. म्हणजे तू माझ्या वडिलांची बहीण."

"असेन."

"म्हणजे आत्या!"

शेजारच्या टेबलावर डेरिक खुर्चीसकट हलायला लागला. "अहो आत्याबाई, भाचा केवढा वाढलाय! गालगुच्चा तरी घ्या!"

भाच्याचे कानशिलावरचे केस पिकले होते. मी पंधराची.

"क्लाहबाई, घोटाळा झालाय," हर्शेल ओरडला. "हिला उपदेश करायला मी कोण? ही नात्याने माझ्याहून मोठी!"

क्लाहबाईंनी ओठ पुढे काढून खुर्ची दाखवली. म्हणजे बस.

तो बसला. भाषण पाठ करून आला असणार, कारण बराच वेळ ओठ हलले आणि आवाज काही आला नाही. मग म्हणाला, "बरं, आत्या. भाषण नको. मागतोच. शाळा सोडू नकोस."

"बघू."

"एक झालं," तो म्हणाला. नियम त्यालाही माहीत होता.

मधेच

दवाखान्यामागच्या शेडमध्ये, लाल धुळीने माखलेल्या अँब्युलन्सच्या पायरीवर. वाचनालयात डेरिक होता, म्हणून आम्ही इथे बसायला लागलो.

— हे काय?

— हृदयाच्या ठोक्यांची रेघ. मशीनमधून निघते. आत्या, तू नुसती हातात धर आणि मला विचार, ही कुठली.

— मला काय ठाऊक ती कुठली?

— मागे लिहिलंय. मी चुकलो की सांग.

— चुकलास.

— अजून बोललोच नाही मी!

— तोंडावरून कळलं.

— … बरं, ही फार वेगाने पडणाऱ्या ठोक्यांची.

— चुकलास. आता खरंच. हे तू शिकतोयस कशाला? तू तर आदर्श आहेस.

— आदर्श दोनदा नापास झालाय.

— पोस्टरवर नाहीये ते.

— पोस्टरवर नुसते दात आहेत. ऐक. आत्ता मी माणसाला ऑक्सिजन देऊ शकतो आणि त्याचा हात धरू शकतो. हृदयाचं औषध टोचायचं तर ही परीक्षा पास व्हावी लागते. आणि इथून मोठा दवाखाना किती लांब, ते तू जाणतेस.

जाणत होते. आजोबा वाटेतच गेले, तेव्हा अँब्युलन्समध्ये त्यांचा हात धरणारा कोण होता, तेही जाणत होते.

त्यानंतर मी गुरुवार चुकवला नाही. त्याला नापास करण्यात मजा होती. आत्याला भाच्याची थट्टा करायचा हक्कच असतो, आणि मी तो पुरेपूर वापरला. गुरुवारी यायचं तर त्याची ड्युटी कधी संपते, ते क्लाहबाईंकडे बुधवारी लागणाऱ्या वेळापत्रकात बघावं लागे. ते बघायला बुधवारी शाळेत यावं लागे.

दोन

चित्रातल्या हृदयाची डावी-उजवी बाजू तो दर वेळी उलटी सांगायचा. चित्रात डावं उजवीकडे असतं म्हणे. मावशीकडे समारंभ होता, आम्ही मेंढी कापली होती. मी तिचं हृदय फडक्यात गुंडाळून शेडमध्ये नेलं.

"आत्या, लोक जेवणाचे डबे आणतात."

"हात पुढे कर. दाब इथे. काय लागतं?"

"जाड आहे."

"आता ही बाजू."

"पातळ."

"जाड बाजूला रक्त लांब फेकायचं असतं, पार खुरापर्यंत. पातळ बाजूला जवळच, फुप्फुसात. आता डोळे मिट आणि सांग, डावी कुठली?"

त्याने डोळे मिटून अंगठा बरोबर जागी ठेवला. मग कप्प्यांची आणि झडपांची नावं घेत गेला. मी लहानपणापासून ती हृदयं धुतली होती, त्यांच्या भागांना नावं असतात हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक नावाबरोबर बोटाखालचा तो भाग जरा वेगळा व्हायचा.

"हर्शेल, मेंढी कापल्यावरही हे थोडा वेळ हलतं. मी हातात धरून पाहिलंय. तेव्हा त्याला कोण हलवतं?"

"ते स्वतःच हलतं. त्याची स्वतःची वीज असते."

"म्हणजे कशी?"

"पाठ केलंय मी, आत्या. कळलेलं नाहीये. पुढच्या वर्गात शिकवतात बहुतेक."

मला राग आला. त्याचा नाही. पुढच्या वर्गाचा.

"आत्या, शाळा सोडू नकोस," तो हात पुसत म्हणाला. "दोन."

"लोकर अर्धी कातरून झालीये," मी म्हटलं.

तीन

शनिवारचा बाजार. मटण-रोटीच्या गाड्यापुढे रांग, पुढे हर्शेल, मागे मी आणि आई.

"परीक्षेचा फॉर्म भरलास का रे?" मी विचारलं.

"यंदा नको म्हणतोय. तिसऱ्यांदा पडलो तर पोस्टर काढतील."

"काढू देत! भिंत तरी बरी दिसेल."

रांग वळून बघायला लागली. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

"आणि मग काय करशील? आयुष्यभर हातच धरत बसशील? मी मेंढीचं हृदय घेऊन आले ती काय तुझ्या रश्शासाठी? आत्या सांगतेय. बसायचं परीक्षेला. पुढच्या वेळी तुझ्या गाडीत मागे माझी आई असेल, तेव्हा तिला काय सांगणार आहेस? पोस्टर बघ म्हणून?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. आपल्या पोटची पोरगी ही, याची खात्री करत होती.

गाडेवाली म्हणाली, "भाच्या, हिरवी मिरची घालू का, की पुरे झाली?"

लोक हसले. तोही हसला, पण कान लाल झाले होते. रोटी हातात घेऊन बाजूला आल्यावर म्हणाला, "बसतो परीक्षेला. आत्या, तू शाळा सोडू नकोस."

"हा सौदा झाला. मागणं नव्हे."

"सौदा नाही. तू नाही म्हणालीस तरी मी बसणार आहे. मागणंच आहे. तीन."

आईने ऐकलं होतं. घरी जाताना ट्रकमध्ये म्हणाली, "आता एकच उरलं." तिच्या आवाजात बरं वाटल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर मलाही. एकदा त्याने चौथ्यांदा मागितलं की ठरवायचं काम माझं राहणारच नव्हतं.

चार

 

नंतर

वरची जागा चुकून रिकामी राहिली नाही. तिथे काही घडलंच नाही.

त्याच्या परीक्षेच्या सकाळी मर्लिना आली. तिची गाडी शाळेच्या फाटकापाशी सुरूच होती, माझी पिशवी मागच्या सीटवर. क्लाहबाईंचा निरोप घ्यायला म्हणून मी उतरले होते. खरं म्हणजे मला ठाऊक होतं की शहराकडे जाताना हर्शेल याच रस्त्याने येणार.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. मर्लिनाशी हलकेच हात मिळवून त्याने तिलाही आत्या म्हटलं. तिला ते आवडलं नाही. मागच्या सीटवरची पिशवी त्याने पाहिली.

आता, मी मनात म्हटलं. माग.

"डावी कुठली?" मी विचारलं.

त्याने हवेत अंगठा दाबला. बरोबर जागी.

"येतो, आत्या."

"एवढंच?"

"उशीर होतोय."

"हर्शेल! तू मागणार नाहीस?"

तो गाडीत बसला, काच खाली केली. "मागितलं असतं तर राहिली असतीस. मग गणिताच्या दर तासाला मला शिव्या घातल्या असत्यास. मी गाडी चालवतो, बाई, एवढ्या उचक्या परवडत नाहीत."

"हे काही उत्तर नाही."

"नाही," तो म्हणाला. "दुसरं येत नाही मला." आणि गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तीन वेळा मागतो आणि चौथ्यांदा माझ्याच गळ्यात टाकून जातो!

मर्लिनाने हॉर्न वाजवला. "चल ना! तो मागेल म्हणून उभी होतीस ना? नाही मागितलं. सुटलीस."

"हो."

"मग बस."

मी मागचं दार उघडलं आणि पिशवी बाहेर काढली.

"ताझ, काय करतेस?"

"नाही येत मी."

"त्याने काही मागितलंच नाही!"

"माहितीय. मीच नाही येत."

"मी तिथे शब्द टाकलाय तुझ्यासाठी. पलंगाची बाजू रिकामी केलीये, वेडे." तिचा आवाज फाटला. मग नाक पुसत म्हणाली, "आईने बांधून दिलेलं मटण तरी माझ्याकडे दे. तुला काय, इथे रोज मिळेल."

मी दिलं. सगळं. तिने माझ्या डोक्यात टपली मारली आणि गाडी वळवली.

गणिताचा तास सुरू होऊन गेला होता. मी पिशवीसकट आत शिरले. डेरिकने तोंड उघडलं, माझा चेहरा बघून मिटलं. फळा भरत आला होता, आणि त्यातली एकही ओळ मला कळत नव्हती. आजवर अशा वेळी मी खिडकीबाहेर बघायचे.

"सर, परत सांगा."

सर वळले. "कुठून?"

"पहिल्यापासून."

वर्ग कण्हला. सरांनी क्षणभर माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग डस्टर उचललं आणि सगळा फळा पुसून टाकला.