चांदण्याची पाळी

कानिफनाथाच्या आजोबांनी धाकट्या भावाबरोबर विहीर वाटून घेतली, तेव्हा थोरलेपणाचा हक्क सांगून चांदण्याचा पंधरवडा मागून घेतला. मोट रात्रीची धरायची तर उजेडात आपण धरावी आणि अंधारात ठेचकाळत धाकट्यानं धरावी, असा त्यांचा सरळ विचार. धाकटा बिचारा काय बोलणार? तो अंधारा पंधरवडा घेऊन गप्प बसला. पुढं राहुरीकडं मुळा नदीवर धरण झालं, गाव उठून माळावर आलं आणि विहीर शेतासकट पाण्याखाली गेली. दुसऱ्या कुणी वाटणी तिथंच सोडली असती. पण हे भाऊबंद होते. बुडालेल्या विहिरीच्या तोंडाशी मोठाले शिंगाळे मासे येऊन बसतात हे कळल्यावर दोन्ही घरांनी त्या जागेवर होड्या नेल्या, आणि पाळी होती तशीच चालू ठेवली. पौर्णिमेपर्यंत थोरल्यांनी गळ टाकायचा, अमावस्येपर्यंत धाकट्यांनी.

इथंच थोरल्यांची हाव त्यांच्या अंगाशी आली. शिंगाळा हा तळाचा मासा, लांब मिशांचा, आळशी आणि खादाड. चांदण्यात तो रात्रभर हिंडून पोट भरतो आणि सकाळी गळाकडं ढुंकून बघत नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात मात्र उपाशी असतो, पहाटेपासून जे दिसेल त्यावर तुटून पडतो. त्यामुळं धाकट्या घरातला पुंजाराम दर खेपेला मोठाले मासे घेऊन यायचा, आणि त्याचा चुलतभाऊ कानिफनाथ चांदण्यात भिजून रिकामा परतायचा.

अकरा वर्षं दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. काही सांगायचंच झालं तर काठावरच्या तिसऱ्याला सांगायचे. चैत्रात एका सकाळी पुंजारामानं काठावर हातभर लांब शिंगाळा आपटला, आणि कानिफनाथाला राहवलं नाही.

"ह्यात कसली आलीय अक्कल?" तो जाळं विणत बसलेल्यांना म्हणाला. "अंधारा पाख हाय म्हनून मासा हाय. मला एक सकाळ द्या अंधारातली, ह्याच्या दुप्पट आनून दाखवतो."

पुंजारामानं मान वर केली आणि अकरा वर्षांनी थेट त्याच्याशी बोलला. "घे. वैशाख वद्य द्वादशी तुझी. ह्याच्यापरास मोठा आनलास तर पंधरवडे बदलून घिऊ. न्हाई आनलास तर इहीर सोडायची. पुन्यांदा तिथं गळ टाकायचा न्हाई."

सगळ्यांसमोर बोलून बसल्यावर माघार कशी घेणार? कानिफनाथानं मान हलवली. घरी छबूबाईनं ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "बापजाद्याची इहीर घालवून या आता."

द्वादशीला तांबडं फुटायला तो पाण्यावर होता. बादलीत गळाला लावायला चिलापी माशाची बोटभर पिल्लं होती, आणि नागापूरच्या वर्कशॉपातून सळया वाकवून आणलेला होडीचा चार नख्यांचा नवा नांगर होता. जुना दगड कधीमधी घसरायचा, आज घसरून चालणार नव्हतं. देवळाचा कळस डोंगरातल्या खाचेत आला आणि पाण्याची टाकी बाभळीवर आली की खाली विहीर. पश्चिमेची बाजू त्याच्या घराची, ती त्याला पाठ होती. तिथं मोट रिती करायचं थारोळं पुढं आलंय, दोर त्याच्याखाली गेला की अडकतो, हे बापानं त्याला सांगून ठेवलं होतं आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही असंही बजावलं होतं. पण मोठे मासे पूर्वेला पुंजारामाच्या बाजूला असतात. आज ती बाजूही त्याचीच होती. त्यानं नांगर पूर्वेला सोडला.

थोड्या वेळानं पुंजाराम आला. हाकेच्या अंतरावर होडी उभी करून बसला, मांडीवर कोयता ठेवून.

"मज्जा बघायला आलाय मेला," कानिफनाथ पुटपुटला.

त्यानं पिल्लाच्या पाठीत, पराच्या जरा खाली, काटा चुकवून गळ टोचला. काट्याला लागलं तर पिल्लू मरतं, आणि मेलेल्याला मोठा शिंगाळा विचारत नाही. शिशाचं वजन तळाला टेकलं, तसा त्यानं गळाचा नायलॉनचा दोरा, तंगूस, हातभर वर उचलून धरला. खाली पिल्लू धडपडत असल्याचं बोटाला लागत होतं. एक पिल्लू मेलं, दुसरं मेलं. आठ वाजले, नऊ वाजले. वैशाखात दहापर्यंत धरण ताटातल्या पाण्यासारखं असतं, मग पश्चिमेकडून वारं उठतं आणि लाटा सगळी लांबी धावून येतात. ते त्यालाही माहीत होतं. पण रिकामं जायचं कुठल्या तोंडानं?

दहाला डोंगरातल्या खाचेखालचं पाणी वाऱ्यानं काळं पडलं, आणि त्याच वेळी तंगूस सरकन हातातून पळाला. असलं वजन त्याच्या हाताला कधी लागलं नव्हतं. दोन्ही तळवे कापले. मासा तळाशी बसला, उठला, पुन्हा बसला. एकदा वर आला तेव्हा पाठ दिसली, कानिफनाथाच्या मांडीएवढी. विहीर आपली झाली, पंधरवडा आपला झाला, आणि आता हा पुंज्या चांदण्यात भिजत बसेल, या आनंदात त्यानं वाऱ्याकडं पाहिलंच नाही.

होडी पूर्वेला ओढली गेली, नांगराचा दोर ताणला आणि होडीचं नाक खाली दबलं. पहिली लाट आत आली.

"दोर काप!" पुंजाराम ओरडला. "तिथं काठ ढासळलाय! तुझा नांगर निघायचा न्हाई!"

कानिफनाथ हसला. दोर कापला की होडी वाहणार, तंगूस विहिरीच्या काठावर घासून तुटणार. यालाच तर ते हवंय!

"कानिफ्या, दोर काप!"

दुसरी लाट आली. बादली कलंडली, पिल्लं पाण्यात गेली.

"आरं मरशील, काप दोर!"

"तू मर!" कानिफनाथ म्हणाला. तिसऱ्या लाटेला होडीचं नाक पाण्याखाली गेलं आणि उठलंच नाही. तंगूस सुटला. कानिफनाथ गळ्यापर्यंत पाण्यात बुडून होडीला लोंबकळत होता, तेव्हा पुंजारामानं येऊन कोयत्यानं दोर तोडला, त्याची कॉलर धरली आणि शिव्या देत त्याला आपल्या होडीत ओढलं. पाण्यानं भरलेली होडी मागं बांधून त्यानं काठावर आणली.

काठावर पुंजारामानं सगळ्यांना एवढंच सांगितलं, "मासा न्हाई आला. इहीर माझी."

त्या रात्री कानिफनाथ जेवला नाही. विहीर गेल्याचं त्याला दुःख होतं, पण खुपत होतं ते वेगळंच. पुंजारामानं तीनदा ओरडून सांगितलं होतं. त्याच्या जागी आपण असतो तर एकदासुद्धा ओरडलो नसतो. हे त्यानं स्वतःशी कबूल केलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेला, चांदण्याच्या पंधरवड्याच्या पहिल्या सकाळी, पुंजाराम होडी लोटत होता. कानिफनाथ समोर जाऊन उभा राहिला.

"पश्चिमेला टाकू नको," तो रागानंच म्हणाला. "थारोळं हाय खाली. दोर त्याच्याखाली गेला का निघत न्हाई."

पुंजारामानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आनी हे तू मला आज सांगतूस?"

"बापानं सांगू दिलं न्हाई."

"आरं जा! जागंवरनं हलवायला बघतूस व्हय? हरलास तर गप घरी बस." आणि तो गेला. नेमका पश्चिमेला गेला, नुसता ईर्ष्येनं, हे काठावरूनही दिसत होतं.

कानिफनाथानं त्याला एक सणसणीत शिवी हासडली. मग घरी जाऊन त्यानं छपरात खोचलेला कोयता काढला. छबूबाईनं विचारलं, "कुठं निघालाय? इहीर आपली न्हाई आता."

"मला काय मासं धरायचं न्हाईत," तो म्हणाला.

त्यानं होडीतलं पाणी उपसलं आणि पुंजारामापासून हाकेच्या अंतरावर जाऊन थांबला. गळ नव्हता, बादली नव्हती. पुंजारामानं त्याला पाहिलं, पचकन पाण्यात थुंकला आणि पाठ फिरवून बसला. कानिफनाथानं कोयता मांडीवर ठेवला. खाचेखालचं पाणी अजून स्वच्छ होतं, वारं सुटायला तासभर अवकाश होता.