रंगाऱ्याचे डोळे

आईबापांनी नाव रंगनाथ ठेवलं आणि धंदाही रंगाऱ्याचाच मिळाला. येवल्यात पैठणीचं रेशीम मी एकेचाळीस वर्षं रंगवतोय. विणकरानं चिंधी दाखवावी आणि मी त्याच रंगाची लड त्याच्या हातात ठेवावी, यावर आमचं घर चालतं. असा माणूस नाशिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात प्लास्टिकच्या पंधरा रंगीत टिकल्यांना घाबरला, असं कुणी सांगितलं असतं तर मीच आधी हसलो असतो.

पण घाबरलो होतो. मोतीबिंदूचं काही वाटलं नाही, म्हातारपणी तो कुणाला चुकलाय? भीती टिकल्यांची होती. मोतीबिंदूनं माणसाचे रंग किती हरवतात, ते तिथल्या डॉक्टर योगिनी मॅडम मोजत होत्या. "बाबा, या टिकलीच्या जवळचा रंग, मग त्याच्या जवळचा, अशी रांग लावा. घाई नाही." त्यांचा कागद म्हणाला की रंगनाथला रंग दिसत नाही, तर येवल्यात मला रंगवायला रेशीम कोण देणार? असली बातमी आमची एसटी विंचूरला पोचायच्या आत गावात फिरते.

सवयीनं पहिली टिकली चिमटीत चोळली. ओलं रेशीम फसवतं, सुकलं की खरं बोलतं. प्लास्टिक काय बोलणार! लालसर टिकल्या भराभर लागल्या. निळ्या-हिरव्यांशी आलो आणि बोटं अडली. मोरपंखी कुठली, आसमानी कुठली? सगळ्यांवर गुळाचं पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. मला घाम फुटला. शेवटी दिलं अंदाजे ठोकून.

मॅडमनी टिकल्यांमागचे आकडे बघून कागदावर रेघा ओढल्या. रेघा नुसत्या एकमेकींना छेदत गेल्या.

"निळ्या-हिरव्यात बरंच चुकलंय, बाबा. दोनेक वर्षं तरी असं होत असणार. ऑपरेशननंतर दिसतील परत."

परत दिसतील, म्हणजे मी काय करून ठेवलंय तेही दिसेल!

"दोन वर्षांत माझी एक लड परत आली नाय!" माझा आवाज चढला. "तुमच्या टिकल्याच खोट्या हायेत!"

ओरडलो खरा, पण मनात लडी मोजायला लागलो. दोन वर्षांत किती नवऱ्यामुलींच्या पैठण्यांचं रेशीम माझ्या हातून गेलं. कुणाचा मोर मी हिरव्याचा निळा केला?

मॅडम चिडल्या नाहीत. "तुलनेला याच वयाचं, मोतीबिंदू नसलेलं माणूस हवंय. मावशी, तुम्ही बसता?" मावशी म्हणजे माझी बायको, कुसाबाई. तिचे डोळे सकाळीच तपासले होते, ते चांगले निघाले.

"तिला काय कळतंय," मी म्हणालो. "ती नुसतं रेशीम हलवती."

कुसानं पदर खोचला आणि शेंगा निवडाव्यात तशा टिकल्या लावत गेली. निळ्यांशी थांबलीसुद्धा नाही. मॅडमची रेघ यावेळी कुठेही न अडता गोल फिरून आली.

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. आणि मग आठवलं. मी भट्टीवरचं रंगाचं पातेलं "उतरव" म्हटलं की ही दर वेळी म्हणायची, "एक उकळी येऊ द्या. तुम्ही तवर चहा घ्या जा." मला वाटायचं, बाईचा हट्ट.

"कुसे, त्या उकळीत काय टाकत होतीस?"

"कधी चिमूटभर पिवळा," ती टिकल्यांकडे बघत म्हणाली. "कधी निळा."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही भट्टीपाशी बसला असता का पुन्हा?"

नसतो बसलो. मला राग यायला हवा होता, पण आणखीच भीती वाटली. दोन वर्षं आमचं घर हिच्या चिमटीवर उभं होतं आणि मी बाहेर फुंकून फुंकून चहा पीत होतो.

मॅडमनी तिचा कागद भरायला घेतला. "नाव कुसाबाई. काम काय लिहू, मावशी?"

"घरकाम," कुसा म्हणाली.

"रंगारी लिहा," मी म्हणालो.